बालवाचक ते बालश्रोता : सार्वजनिक ग्रंथालयांतील शिशुकार्यक्रमांचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

सार्वजनिक ग्रंथालय म्हटले की 'शांतता राखा' ही पाटी, लांबच लांब टेबले आणि वर्तमानपत्रात डोके घातलेले प्रौढ वाचक असे चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. या चित्रात रांगणाऱ्या बाळाला किंवा तीन वर्षांच्या मुलाला जागा असू शकते, ही कल्पना ग्रंथालयाच्या इतिहासात बरीच उशिरा आली. ज्याला अक्षरओळख नाही, त्याला ग्रंथालयाचा काय उपयोग, हा प्रश्न वरवर पाहता रास्त वाटतो. तथापि गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास पाहता, या प्रश्नाचे उत्तर शोधताना ग्रंथालय या संस्थेचे स्वरूपच बदलत गेल्याचे निदर्शनास येते.

आज अनेक देशांतील सार्वजनिक ग्रंथालयांत शून्य ते सहा वर्षे वयोगटासाठी गोष्टींचा तास, बोटांचे खेळ, गाणी, बाहुल्यांचे खेळ असे आनंददायी उपक्रम नियमितपणे चालतात. प्रस्तुत लेखात या उपक्रमांचा उगम व विकास मुख्यतः अमेरिका व ब्रिटन या देशांच्या संदर्भात तपासला असून, त्या अनुषंगाने महाराष्ट्रातील परंपरेचाही विचार केला आहे. मुलांना ग्रंथालयाचे दार कोणी व कोणत्या कारणांनी उघडले आणि दार उघडल्यानंतरही कोण बाहेर राहिले, हे या लेखाचे मध्यवर्ती प्रश्न आहेत.

वयोमर्यादेचा अडसर

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत करातून चालणारी सार्वजनिक ग्रंथालये वेगाने वाढली. मात्र त्यांपैकी बहुतेक ठिकाणी बारा ते चौदा वर्षांखालील मुलांना सभासदत्व मिळत नसे. मुले गोंगाट करतात, पुस्तके मळवतात व फाडतात, हे त्यामागचे नेहमीचे कारण होते. या नियमाला अपवादही होते. ऱ्होड आयलंड राज्यातील पॉटकेट येथे मिनर्व्हा सँडर्स या ग्रंथपालबाईंनी लहान मुलांना प्रवेश दिला आणि त्यांच्या उंचीला साजेशी बैठकव्यवस्था केली. हार्टफर्ड येथील कॅरोलाइन ह्युइन्स यांनी १८८२ साली अमेरिकन ग्रंथालय संघापुढे मुलांच्या वाचनाविषयीचा अहवाल मांडला. १८९० साली मॅसॅच्युसेट्स राज्यातील ब्रुकलाइनच्या ग्रंथालयाने मुलांसाठी स्वतंत्र वाचनकक्ष उघडला. पण तो इमारतीच्या तळघरात होता. मुलांचे स्थान तेव्हा ग्रंथालयाच्या व्यवस्थेत कोठे होते, हे त्यावरून ध्यानात येते.

१८९४ साली लेक प्लॅसिड येथील अधिवेशनात ल्युटी स्टर्न्स यांनी वयोमर्यादा रद्द करावी, मुलांसाठी स्वतंत्र दालन असावे आणि तेथे खास सेवक नेमावेत, अशी भूमिका घेतली. या अहवालानंतर बालविभागाचा प्रश्न व्यक्तिगत उत्साहापुरता न राहता व्यवसायाच्या धोरणाचा विषय बनला. या चळवळीचे नेतृत्व प्रामुख्याने स्त्रियांकडे होते, हेही लक्षणीय आहे. मुलांचे काम हे स्त्रियांचे काम, या समजुतीमुळे ग्रंथालय व्यवसायात त्यांना हे एक क्षेत्र मोकळे मिळाले आणि त्या क्षेत्राला त्यांनी शास्त्रीय अधिष्ठान मिळवून दिले.

गोष्टींच्या तासाचा उदय

बालविभाग निर्माण झाल्यावर पुस्तकांपर्यंत मुलांना कसे आणावे, हा पुढचा प्रश्न होता. पिट्सबर्ग येथील कार्नेगी ग्रंथालयात फ्रान्सिस जेंकिन्स ऑल्कॉट यांच्या मार्गदर्शनाखाली १८९९ पासून गोष्टींचा तास सुरू झाला. पोलाद कारखान्यांच्या या शहरात स्थलांतरित कामगारांची वस्ती मोठी होती आणि त्यांच्या मुलांच्या घरी इंग्रजी पुस्तके असण्याची शक्यता कमी होती. गोष्ट ऐकण्यासाठी मात्र पुस्तक घरी असण्याची किंवा वाचता येण्याची अट नव्हती. १९०० साली इंग्लंडहून आलेल्या कथाकथनकार मेरी शेडलॉक यांच्या व्याख्यानांमुळे या उपक्रमाला कलेची प्रतिष्ठा लाभली. त्यांचा कथाकथनकलेवरील ग्रंथ १९१५ साली प्रसिद्ध झाला.

न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयात १९०६ साली बालविभागाच्या प्रमुख म्हणून ॲन कॅरोल मूर रुजू झाल्या. तत्पूर्वी दहा वर्षे त्यांनी ब्रुकलिनमधील प्रॅट संस्थेच्या बालदालनाचे काम पाहिले होते. मूर यांनी शाखांमधील वयाचे निर्बंध हटविले, शांततेच्या पाट्या उतरविल्या, भिंतींवर चित्रे लावली आणि गोष्टींचा तास हा शाखांच्या नियमित कार्यक्रमाचा भाग केला. गोष्ट सुरू होण्यापूर्वी मेणबत्ती लावावयाची व शेवटी मुलांनी मनात इच्छा धरून ती विझवावयाची, असा तेथील प्रघात होता. १९१३ पर्यंत शाखा ग्रंथालयांतून घरी नेल्या जाणाऱ्या पुस्तकांपैकी एकतृतीयांश पुस्तके मुलांची होती.

घरची भाषा आणि ग्रंथालयाची भाषा

दार उघडले म्हणून सर्व मुले आत येतातच असे नाही. या दृष्टीने पुरा बेलप्रे यांचे कार्य विशेष उल्लेखनीय आहे. पोर्तो रिको येथे जन्मलेल्या बेलप्रे १९२१ साली न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील १३५ व्या रस्त्यावरील शाखेत नोकरीस लागल्या. १९२९ मध्ये त्यांची बदली स्पॅनिश भाषकांची वस्ती वाढत असलेल्या भागातील ११५ व्या रस्त्यावरील शाखेत झाली. ग्रंथालय इंग्रजी येणाऱ्यांसाठीच आहे, अशी या वस्तीची समजूत होती. बेलप्रे यांनी इंग्रजी व स्पॅनिश अशा दोन्ही भाषांत गोष्टी सांगण्यास आरंभ केला, बाहुल्यांचे खेळ केले आणि पालकांनाही बोलावले. त्यांना हव्या असलेल्या पोर्तो रिकोच्या लोककथा कपाटात नव्हत्या. आजीकडून ऐकलेल्या कथा सांगत सांगत त्यांनी त्या स्वतः लिहून काढल्या. १९३२ साली त्यांचे झुरळ व उंदीर यांच्या विवाहकथेचे पुस्तक प्रकाशित झाले.

या उदाहरणातून एक महत्त्वाचा निष्कर्ष हाती येतो. लहान मुलाची भाषा ही घरची भाषा असते. ती भाषा ग्रंथालयात ऐकू आली नाही, तर त्या मुलापुरते ग्रंथालय बंदच राहते.

चित्रपुस्तके आणि शाळापूर्व श्रोता

आरंभीचे गोष्टींचे तास प्रामुख्याने शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी होते. तीन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी स्वतंत्र तास सुरू झाले ते १९३५ च्या सुमारास. डेट्रॉइटचे ग्रंथालय या बाबतीत अग्रेसर मानले जाते. हा बदल त्या दशकात होण्यामागे पुस्तकव्यवसायातील घडामोडी होत्या. १९१९ साली मॅकमिलन या प्रकाशनसंस्थेने बालपुस्तकांचा स्वतंत्र विभाग काढला. वांडा गाग यांचे मांजरांवरील सुप्रसिद्ध चित्रपुस्तक १९२८ साली आले. १९३८ पासून उत्कृष्ट चित्रपुस्तकासाठी कॅल्डेकॉट पदक दिले जाऊ लागले. चित्र आणि शब्द मिळून गोष्ट सांगणारे पुस्तक उपलब्ध झाल्यामुळे अक्षरओळख नसलेले मूलही पुस्तक 'पाहू' शकले. तोंडी कथेऐवजी पुस्तक मुलांसमोर धरून वाचण्याची पद्धत येथूनच रूढ झाली.

तथापि या वाटचालीत अडथळेही होते. १९४७ साली प्रसिद्ध झालेले मार्गारेट वाइज ब्राऊन यांचे झोपी जाणाऱ्या सशाच्या पिलाचे 'गुडनाइट मून' हे पुस्तक पुढे घराघरांत पोहोचले. परंतु न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाने ते १९७२ पर्यंत घेतले नाही. मूर १९४१ मध्ये निवृत्त झाल्या असल्या तरी त्यांच्या अभिरुचीचा प्रभाव तेथे टिकून होता. परीकथा व अद्भुतरम्यता यांना श्रेष्ठ मानणाऱ्या त्या दृष्टीला खोलीतील वस्तूंचा साधा निरोप घेणारे पुस्तक सामान्य वाटले. २०२० साली या ग्रंथालयाने १२५ वर्षांतील सर्वाधिक नेल्या गेलेल्या पुस्तकांची यादी जाहीर केली, तेव्हा या विलंबामुळेच ते पुस्तक पहिल्या दहांत येऊ शकले नाही, असे ग्रंथालयानेच नमूद केले. ज्या संस्थेने मुलांना दार उघडले, तिलाच अगदी लहान बाळाचे पुस्तक ओळखता आले नाही.

बाळ ग्रंथालयात येते

१९८० साली न्यूझीलंडच्या डोरोथी बटलर यांनी बाळांना पुस्तकांची गरज असते, असे प्रतिपादन करणारा ग्रंथ लिहिला. १९८६ मध्ये डीकॅस्पर व स्पेन्स यांच्या प्रयोगातून, गरोदरपणाच्या अखेरच्या आठवड्यांत आईने मोठ्याने वाचलेला उतारा नवजात बाळ ओळखते, असे दिसून आले. २००३ साली पॅट्रिशिया कूल व सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, नऊ महिन्यांची बाळे परक्या भाषेतील ध्वनी समोर बसलेल्या माणसाकडून शिकतात. तेच बोलणे चित्रफितीवरून ऐकवल्यास शिकत नाहीत. जिवंत माणूस, ओळखीचा आवाज आणि मांडीची ऊब हीच बाळाच्या कार्यक्रमाची खरी साधने आहेत, या ग्रंथपालांच्या अनुभवाला त्यामुळे शास्त्रीय आधार मिळाला.

ब्रिटनमध्ये १९९२ साली वेंडी कूलिंग यांच्या प्रेरणेने बर्मिंगहॅम येथे ३०० कुटुंबांसह 'बुकस्टार्ट' ही योजना सुरू झाली. आरोग्यसेविकेमार्फत बाळाच्या हाती पुस्तकांची पिशवी द्यावयाची आणि पालकांना ग्रंथालयाचे आमंत्रण द्यावयाचे, असे तिचे स्वरूप होते. ग्रंथालयाने बाळाची वाट न पाहता बाळाकडे जावे, हा यातील नवा विचार होय. जपानमध्ये २००० साली तिचा प्रयोग झाला व पुढील वर्षापासून ती रुजली.

अमेरिकेत २००४ साली 'एव्हरी चाइल्ड रेडी टू रीड' हा कार्यक्रम सुरू झाला. त्यात प्रारंभी साक्षरतेच्या सहा पूर्वकौशल्यांवर भर होता. २०११ च्या सुधारित आवृत्तीत बोलणे, गाणे, वाचणे, लिहिणे व खेळणे या पाच कृतींना केंद्रस्थान मिळाले. कौशल्यांच्या परिभाषेकडून घरात सहज होणाऱ्या कृतींकडे झालेला हा प्रवास अर्थपूर्ण आहे.

आनंद की उपयुक्तता?

या इतिहासात एक ताण सातत्याने दिसतो. गोष्टींचा तास आनंदासाठी आहे की पुढील शालेय यशाच्या तयारीसाठी? निधी मागताना संस्थांना उपयुक्तता सिद्ध करावी लागते. मूल मात्र आनंदासाठी येते. डिसेंबर २०१० मध्ये ब्रिटिश सरकारने इंग्लंडमधील पुस्तकभेट योजनांचा सुमारे १ कोटी ३० लाख पौंडांचा निधी पूर्णतः बंद करण्याचे जाहीर केले. लेखकांनी व पालकांनी तीव्र विरोध केल्यावर अवघ्या काही दिवसांत हा निर्णय मागे घ्यावा लागला, तरी नंतर निधीत कपात झालीच. बाळाला मत नसते. म्हणून त्याच्या वाट्याची तरतूद कापणे सर्वांत सोपे ठरते.

महाराष्ट्राच्या संदर्भात

ग्रंथालयात खेळ ही कल्पना मराठी समाजाला सर्वस्वी परकी नाही. महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९१० साली अमेरिकन ग्रंथपाल विल्यम ॲलन्सन बॉर्डन यांना बडोद्यास आणले आणि संस्थानभर मोफत ग्रंथालयांचे जाळे उभारले. तेथील मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांसाठी स्वतंत्र दालन होते व त्यात पुस्तकांबरोबर खेळांची साधनेही ठेवलेली असत. अमेरिकेतील बालविभागाच्या चळवळीचे वारे भारतात इतक्या लवकर पोहोचले होते.

दुसरा धागा बालशिक्षणाचा आहे. भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्यासह काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे केंद्र सुरू केले. पुढे कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघ यांच्या साथीने त्यांनी आदिवासी पाड्यांच्या अंगणात बालवाडी नेली. परिसरातील साधने, मुलांच्या ओळखीची गाणी व गोष्टी यांवर तिचा भर होता. बेलप्रे न्यूयॉर्कमध्ये आणि ताराबाई पालघर परिसरात, एकमेकींना अपरिचित राहून, एकाच निष्कर्षाप्रत आल्या होत्या.

१९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्यामुळे गावोगावच्या ग्रंथालयांना शासकीय अनुदानाचा आधार मिळाला. २ ऑक्टोबर १९७५ पासून एकात्मिक बालविकास सेवा योजनेतून अंगणवाड्या सुरू झाल्या. एका यंत्रणेकडे पुस्तके आहेत, दुसरीकडे सहा वर्षांखालील मुले व त्यांच्या माता आहेत. परंतु दोन्ही यंत्रणा वेगवेगळ्या खात्यांच्या अखत्यारीत वाढल्या. आठवड्यातून एक तास अंगणवाडीतील मुलांनी ग्रंथालयात यावे किंवा ग्रंथपालाने चार चित्रपुस्तके घेऊन अंगणवाडीत जावे, यासाठी मोठ्या खर्चाची गरज नाही. बडबडगीते, अंगाईगीते, बोटांचे खेळ, चिऊकाऊच्या गोष्टी हे भांडवल प्रत्येक बोलीत आहेच, आणि आजी-आजोबांच्या रूपाने कथाकथनकारही आहेत.

समारोप

वरील विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, ग्रंथालयातील शिशुकार्यक्रम ही अलीकडची हौस नसून शतकाहून अधिक काळ घडत आलेली व्यावसायिक परंपरा आहे. दुसरी, या परंपरेतील प्रत्येक पुढचे पाऊल प्रवेशाचा एखादा अडसर दूर करून पडले : प्रथम वयाचा, मग भाषेचा, नंतर अक्षरओळखीचा आणि शेवटी ग्रंथालयापर्यंत येण्याचा. तिसरी, आनंद हा या कार्यक्रमांचा वरचा मुलामा नसून त्यांचा पाया आहे. कारण शिक्षेच्या किंवा परीक्षेच्या भीतीने दोन वर्षांचे मूल गोष्ट ऐकत नाही. न रमणारे मूल उठून जाते, आणि कार्यक्रमाचे तेच सर्वांत प्रामाणिक मूल्यमापन होय.

वाचनसंस्कृती लोप पावत असल्याची खंत परिसंवादांतून वारंवार व्यक्त होते. ती खंत करताना मूल वाचू लागल्यानंतरच्या वयाचा विचार होतो. वाचनाची गोडी त्यापूर्वीच, ऐकण्याच्या वयात लागते, हे या इतिहासाचे सांगणे आहे. ज्या दिवशी गावातील ग्रंथालयाच्या सतरंजीवर एखादी आई आपल्या बाळाला मांडीवर घेऊन तिच्याच बोलीतील गोष्ट ऐकत बसेल, त्या दिवशी 'सार्वजनिक' या शब्दाचा अर्थ त्या ग्रंथालयापुरता पूर्ण होईल.