हाली, कलदार आणि संस्थेची गंगाजळी



प्रतिवर्षी स्मरणिकेत जमाखर्च व ताळेबंद छापण्यात येतो; परंतु तो वाचणारे थोडेच. त्या रूक्ष आकड्यांमागे इतिहास दडलेला असतो, हे दाखवावे म्हणून हा लेखनप्रपंच.

निजामी राजवटीत औरंगपुरा, गुलमंडी या भागांतील व्यवहार हाली शिक्क्यात चाले. ब्रिटिश हिंदुस्थानच्या रुपयास लोक 'कलदार' म्हणत. सात हाली म्हणजे सहा कलदार, हा दर होता. सरकारी हिशेबाचे वर्षही फसली, ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होणारे. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली. १९५१ साली हाली चलन काढणे बंद झाले आणि १९५९ साली ते कायमचे बाद ठरले.

या संक्रमणात ज्या संस्थेच्या पेटीत ७०० हाली होते, तिच्या नव्या वहीत ६०० रुपयेच मांडावे लागत. वरवर पाहणाऱ्यास शंभर रुपये गहाळ झालेले दिसावेत! वस्तुतः एक पैही गेलेली नसे. केवळ माप बदललेले असे. बदलाचा दर व तारीख वहीत नोंदलेली असली, म्हणजे शंकेस जागा उरत नसे. पुढे १९५० चा सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायदा मराठवाड्यासही लागू झाला आणि हिशेबतपासणी हे केवळ सौजन्य न राहता कर्तव्य ठरले.

आज नेमका उलट प्रकार घडतो. वहीतील आकडा तोच राहतो आणि पैसा मात्र झिजतो. समजा, विद्यार्थी साहाय्य निधीत १,००,००० रुपये असून शेकडा ६ दराने ६,००० रुपये व्याज आले. त्याच वर्षी भाव शेकडा ५ नी चढले, तर निधीची मूळ ताकद राखण्यास १,०५,००० रुपये लागतात. म्हणजे ५,००० रुपये मुद्दलात परत घातल्यावर खर्चास खरे १,००० रुपयेच उरतात. सारे ६,००० वाटून टाकले, तर ताळेबंदात तूट दिसत नाही. ती दिसते ती आणखी दहा वर्षांनी शिष्यवृत्ती मागावयास येणाऱ्या मुलास.

म्हणून आमची नम्र सूचना अशी : कायम निधी व चालू खर्च यांची खाती सर्वस्वी वेगळी असावीत, व्याजाचा काही भाग दरवर्षी मुद्दलात मिळवावा, आणि शिष्यवृत्ती घटू नये म्हणून प्रत्येक कुटुंबाने यथाशक्ति भर घालावी. वार्षिक सभेत ताळेबंद 'वाचला असे समजून' मंजूर करू नये. तो वाचावा, प्रश्न विचारावेत. विचारणारा सभासद हा चिटणिसाचा शत्रू नव्हे, संस्थेचा राखणदार होय.