प्रस्तावना : सांधा पाहायला शिकणे

ही पाठ्यपुस्तिका उघडणारे बहुतेक जण जिममध्ये शिकवत असतील. पहाटे शटर वर करायचे, नऊ-साडेनऊपर्यंत एकामागून एक क्लायंट, दुपारी थोडी उसंत, मग संध्याकाळची पाळी. त्या दुपारच्या उसंतीत, बहुधा मोबाइलच्याच पडद्यावर, मोबिलिटीचा अभ्यासक्रम पुरा करू पाहणाऱ्या ट्रेनरसाठी हे लेखन आहे.

विषय नेमका कोणता, ते एका साध्या प्रयोगातून सांगतो. कुणाला तरी उताणे झोपवा. त्याचा सरळ पाय तुम्ही धरून हळूहळू वर न्या. समजा तो ८० अंशांपर्यंत गेला. आता म्हणा, ‘मी हात काढतो, पाय इथेच धरून ठेव.’ पाय खाली येतो आणि ६० अंशांच्या आसपास थरथरत थांबतो. पहिला आकडा लवचिकतेचा, दुसरा मोबिलिटीचा. मधल्या २० अंशांत त्या माणसाचा पाय जाऊ शकतो, पण तिथे त्याची सत्ता चालत नाही. ही सत्ता मिळवून देणे, एवढेच या अभ्यासक्रमाचे काम आहे. काम सोपे नाही, कारण ताण देऊन मिळालेली लवचिकता डोळ्यांना लगेच दिसते आणि क्लायंटला तीच हवीशी वाटते.

स्ट्रेचिंगने स्नायू ‘लांब होतो’ हे आपण सगळेच ऐकत आलो. २०१० मध्ये सिंथिया वेपलर आणि पीटर मॅग्नुसन यांनी उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेऊन दाखवले, की काही आठवड्यांच्या स्ट्रेचिंगनंतर जी रेंज वाढते तिचा मोठा भाग संवेदनेतल्या बदलाचा असतो. स्नायू तेवढाच असतो, पण ताण सहन करण्याची मज्जासंस्थेची तयारी वाढलेली असते. पुढे २०२१ मध्ये आलेल्या एका पद्धतशीर आढाव्यात पूर्ण रेंजमध्ये केलेला वजनाचा व्यायाम आणि स्ट्रेचिंग यांच्यात रेंज वाढवण्याच्या बाबतीत लक्षणीय फरक आढळला नाही. ट्रेनरसाठी ही मोठी आनंदाची बातमी आहे. खाली पूर्ण बसून केलेला स्क्वॉट, तळाशी क्षणभर थांबून केलेला रोमानियन डेडलिफ्ट, हेही मोबिलिटीचेच पाठ आहेत. त्यासाठी वेगळा तास काढावाच लागतो असे नाही.

आज ऑनलाइन शिकवले जाणारे बरेचसे रेंजवर सत्ता मिळवण्याच्या विचारातूनच उगवले आहे. १९४० च्या दशकात अमेरिकेत हर्मन कबाट आणि मार्गारेट नॉट यांनी रुग्णांसाठी घडवलेली ‘पीएनएफ’ पद्धत, म्हणजे स्नायू आवळून मग सैल सोडत रेंज मिळवणे, हा त्याचा एक जुना झरा. ग्रे कुक आणि ली बर्टन यांची सात हालचालींची, २१ गुणांची चाचणी पुढे जिमपर्यंत पोहोचली. त्या गुणांवरून दुखापतीचे भाकीत करता येते हा दावा मात्र नंतरच्या संशोधनात फारसा टिकला नाही. टोरंटोचे आंद्रेओ स्पिना यांनी प्रत्येक सांधा त्याच्या टोकाच्या कक्षेत सावकाश, ताबा ठेवून फिरवण्याची शिस्त दिली. केली स्टॅरेट यांच्या २०१३ च्या ‘बिकमिंग अ सपल लेपर्ड’ने हा विषय सामान्य व्यायामप्रेमींच्या हाती आणला. या सर्वांशी पुढच्या पाठांत तुमची सविस्तर ओळख होईल.

मराठी वाचकाला या सगळ्यात घरचेही काही सापडेल. तालमीतला मुदगल खांद्यामागून फिरतो तेव्हा खांद्याची जवळजवळ पूर्ण कक्षा वजनासकट वापरली जाते. मल्लखांबावरच्या पकडींत खुबा आणि पाठीचा कणा टोकाच्या स्थितीत जोर लावतात. १९३६ पासून बडोद्याहून दत्तात्रय चिंतामण करंदीकर मुजुमदार यांनी मराठीत दहा खंडांचा व्यायाम ज्ञानकोश सिद्ध केला, तर १९२४ मध्ये लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम उभारून आसनांना प्रयोगशाळेत नेले. आपल्याकडेही शरीराचा शास्त्रशुद्ध विचार होऊ शकतो, हे त्यांनी तेव्हाच सिद्ध केले होते.

आता प्रमाणपत्राविषयी. मराठीत दोन वेगळ्या गोष्टींना आपण हा एकच शब्द वापरतो. पाठ पाहून, शेवटची प्रश्नपत्रिका सोडवून मिळतो तो अभ्यासक्रम पूर्ण केल्याचा दाखला. स्वतंत्र मानकांनुसार परीक्षा घेऊन, ठरावीक काळाने नूतनीकरण करायला लावून दिली जाते ती व्यावसायिक पात्रता. अमेरिकन कौन्सिल ऑन एक्सरसाइज किंवा नॅशनल अकॅडमी ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन यांची ट्रेनरची मूळ पात्रता दुसऱ्या प्रकारची आहे. ती दर दोन वर्षांनी नवी करावी लागते आणि त्यासाठी साधारण २० तासांचे पुढचे शिक्षण दाखवावे लागते. मोबिलिटीचे ऑनलाइन अभ्यासक्रम बहुतांशी या पुढच्या शिक्षणात मोडतात. पैसे भरण्याआधी तीन प्रश्न विचारा : हे तास माझ्या मूळ पात्रतेत धरले जातात का? माझ्या शिकवण्याचा व्हिडिओ कुणी जाणता माणूस तपासणार आहे का? आणि नापास झालो तर कशात कमी पडलो ते मला कळेल का? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ आले, तर त्या प्रमाणपत्राला मी फार किंमत देणार नाही.

कारण या विषयात पाठांतर थोडे आणि पाहणे फार आहे. एक अनुभव सांगतो. चाळिशीतला एक क्लायंट, दिवसभर संगणकासमोर बसणारा. स्क्वॉटमध्ये त्याची उजवी टाच उचलली जायची आणि कंबर एका बाजूला सरकायची. मी तीन आठवडे त्याच्या मांडीमागचे स्नायू ताणत राहिलो. काहीच बदलले नाही. मग एके दिवशी त्याला अनवाणी भिंतीसमोर उभे केले. पायाचा अंगठा भिंतीपासून दूर नेत जायचे आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायचा. जिथे टेकणे जेमतेम जमते तिथले अंतर मोजायचे. डावीकडे १० सेंटिमीटर भरले, उजवीकडे ५. या चाचणीत एक सेंटिमीटर म्हणजे घोट्याचे साधारण साडेतीन अंश. म्हणजे दोन घोट्यांत जवळपास १८ अंशांचा फरक होता. विचारल्यावर त्याला कॉलेजातली मुरगळ आठवली. त्या दिवसापासून आम्ही मांडी सोडून घोट्याकडे वळलो.

ही चाचणी ऑनलाइन शिकणाऱ्यासाठी मला सर्वांत योग्य वाटते. १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियात किम बेनेल आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की वेगवेगळ्या परीक्षकांनी घेतलेली तिची मापे एकमेकांशी उत्तम जुळतात. पण फोन कमरेच्या उंचीवर ठेवून चित्रण केले, तर टाचेची अर्ध्या सेंटिमीटरची उचल दिसतच नाही. फोन जमिनीवर, घोट्याच्या पातळीत, बरोबर बाजूने ठेवा. टाचेखाली कागदाची पट्टी सरकवा. गुडघा भिंतीला लागला असताना ती ओढल्यावर निघून आली, तर माप खोटे. मग विचारा, अडकल्यासारखे कुठे वाटते? पोटरीत ताण असेल तर काम स्नायूवर. घोट्याच्या समोर चिमटल्यासारखे होत असेल तर पोटरी कितीही ताणली तरी उपयोग होत नाही.

सगळेच अडथळे काढता येतात असेही नाही. खुब्याच्या वाटीची खोली आणि दिशा माणसागणिक वेगळी असते, मांडीच्या हाडाचा पीळही वेगळा. हाडाला हाड टेकल्यावर आणखी ढकलणे ही दुखापतीला दिलेली हाक आहे. तिथे पावलांतले अंतर बदलावे आणि पुढे जावे. आणि जिथे रात्री झोप मोडणारे दुखणे, मुंग्या, बधिरपणा किंवा सांध्याची सूज आहे, तिथे आपले काम थांबते. तो माणूस डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टकडे गेला पाहिजे, त्याच दिवशी. कोणतेही मोबिलिटी प्रमाणपत्र, ऑनलाइन असो वा समोरासमोरचे, उपचार करण्याचा अधिकार देत नाही.

पहिला पाठ उघडण्याआधी एक काम करा. मोजपट्टी घ्या, भिंत गाठा, आणि आधी स्वतःच्या दोन्ही घोट्यांचे माप तीन-तीन वेळा घ्या. तारखेसह वहीत लिहून ठेवा; तिसऱ्या पाठात ते लागणार आहे.