वसतिगृहापासून आंतरजालापर्यंत



ठाण्याच्या माजिवड्यापासून घोडबंदर गावापर्यंत जाणाऱ्या रस्त्याने आपणांपैकी पुष्कळजण प्रत्यही ये-जा करतात. मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, कासारवडवली, ओवळा, गायमुख ही नावे आपल्या तोंडी बसली आहेत. परंतु ती नावे काय सांगतात, इकडे आपले लक्ष क्वचितच जाते. ज्यांच्या नावात पाडा आहे ती स्थळे मूळची पाड्यांची होत, आणि वाघबीळ म्हणजे वाघाची गुहा. रस्त्याच्या शेवटी खाडीकाठी जो घोडबंदरचा किल्ला आहे, तो १७३७ साली मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून जिंकून घेतला. अशा या जुन्या भूमीवर गेल्या काही दशकांत उंच इमारती उठल्या, आणि गिरगाव, दादर, परळ येथील चाळी सोडून आपल्या ज्ञातीतील अनेक कुटुंबे येथे वास्तव्यास आली. इमारतीच्या एका खिडकीतून येऊरचा डोंगर व त्याच्या कुशीतील पाडे दिसतात, तर दुसरीतून घोडबंदर रस्त्यावरील दिव्यांची रांग दिसते. या दोन खिडक्यांमधील अंतर कसे तुटेल, हा आजच्या लेखाचा विषय आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी थोडे मागे जाणे आम्हांस इष्ट वाटते.

आपल्या महाराष्ट्रात विद्याप्रसाराचे पहिले मोठे साधन कोणते, असे कोणी विचारल्यास आम्ही वसतिगृह असे उत्तर देऊ. शाळा शहरात आणि मूल खेड्यात, ही मुख्य अडचण होती. श्रीशाहू छत्रपतींनी १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले, आणि त्यामागून निरनिराळ्या ज्ञातींची व धर्मांची वसतिगृहे त्या नगरीत उभी राहिली. आपल्या मंडळासारख्या ज्ञातिसंस्थांच्या विद्यार्थिसाह्य निधींची प्रेरणाही त्याच काळातील होय. पुढे कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये साताऱ्यास त्यांनी जे वसतिगृह काढले, त्यात सर्व जातिधर्मांची मुले एकाच छपराखाली राहत व एकाच पंक्तीस जेवत. हा फरक वाचकांनी ध्यानात ठेवावा. लेखाच्या शेवटी त्याचे काम पडणार आहे.

वसतिगृहाने मूल शाळेपाशी आणले. शाळाच मुलापाशी नेण्याची कल्पना त्यानंतरची. मुंबईचे नभोवाणी केंद्र १९२७ साली सुरू झाले, आणि शब्द बिनतारी प्रवास करू लागला. मुंबई विद्यापीठाने १९७१ साली पत्रद्वारा शिक्षणाचा विभाग उघडला. नोकरी करणाऱ्यास टपालाने पाठ मिळू लागले. १९७५-७६ मध्ये अमेरिकेचा उपग्रह उसना घेऊन देशातील सहा राज्यांच्या सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे शैक्षणिक कार्यक्रम दाखविण्यात आले. महाराष्ट्राचा मात्र त्या सहांत समावेश नव्हता. १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ निघाले, आणि शाळा अर्ध्यावर सुटलेल्या प्रौढांस पुन्हा एक दार उघडे झाले. नभोवाणी आणि दूरचित्रवाणी यांत एक उणीव मात्र होती. बोलणारा बोले, ऐकणारा ऐके. परंतु ऐकणाऱ्यास प्रश्न विचारता येत नसे. टपालाने तो विचारता येई, पण उत्तराची वाट कित्येक दिवस पाहावी लागे.

ही उणीव भरून काढणारे साधन म्हणजे इंटरनेट अर्थात आंतरजाल. त्याचे भारतातील बीज आपल्या अगदी शेजारी रुजले, ही गोष्ट थोड्यांसच ठाऊक असेल. शिक्षणसंस्थांचे संगणक परस्परांस जोडण्यासाठी १९८६ साली ‘अर्नेट’ हा उपक्रम सुरू झाला. त्यात सहभागी झालेल्या पहिल्या आठ संस्थांपैकी दोन मुंबईच्या होत्या : जुहूचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र आणि पवईची आयआयटी. येऊरच्या डोंगराच्या पलीकडे उतरले की पवई फार दूर नाही. सामान्य नागरिकांस ही सोय १५ ऑगस्ट १९९५ पासून विदेश संचार निगममार्फत मिळू लागली. तेव्हाचा वेग सेकंदास ९.६ किलोबिट असा कासवाचा होता, तरी जगातील ग्रंथालयांची दारे त्या दिवशी किलकिली झाली. ठाणे शहरात १८९३ साली मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन करणाऱ्या पूर्वसूरींस हा दिवस पाहून धन्यता वाटली असती. पुढे २००३ साली मराठी विकिपीडिया सुरू झाला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली सिद्ध होऊ लागलेला मराठी विश्वकोश कालांतराने आंतरजालावर विनामूल्य खुला झाला. आणि बालभारतीची पाठ्यपुस्तकेही घरबसल्या उतरवून घेता येऊ लागली.

पुस्तक पोहोचले म्हणजे विद्या पोहोचली काय? या प्रश्नाचा शोध अनेकांनी घेतला. डॉ. सुगत मित्र यांनी १९९९ साली दिल्लीच्या कालकाजी भागात, झोपडपट्टीला लागून असलेल्या भिंतीत एक संगणक बसविला. कोणी न शिकविता तेथील मुले तो चालवू लागली, आणि त्या ‘भिंतीतील भोका’ची चर्चा जगभर झाली. पण पुढे मित्र यांनीच त्यास माणसाची जोड दिली. २००९ पासून इंग्लंडातील स्वयंसेवक, त्यांत कित्येक निवृत्त शिक्षिका, आंतरजालावरून भारतीय मुलांशी बोलू लागल्या, त्यांस गोष्टी वाचून दाखवू लागल्या. लोक त्यांस कौतुकाने ‘आज्ज्या’ म्हणू लागले. २०१३ साली मित्र यांस मिळालेल्या पारितोषिकातून भारतात पाच व इंग्लंडात दोन केंद्रे निघाली. त्यांपैकी एक आपल्या सातारा जिल्ह्यातील फलटण येथे होते. त्याआधी २००७ साली रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातील खैराट या वाडीच्या एकशिक्षकी शाळेत प्रत्येक मुलास एकेक छोटा संगणक देण्याचा प्रयोग झाला. यंत्र मुलाच्या हाती आले. परंतु त्या यंत्राकडून काय करून घ्यावयाचे, हे दाखविण्यासाठी तेथेही शिक्षक लागलाच.

आपल्या ठाणे जिल्ह्याचे उदाहरण तर अभिमानास्पद आहे. शहापूर तालुक्यातील पाष्टेपाडा या आदिवासी पाड्यावर जिल्हा परिषदेच्या शाळेत श्री. संदीप गुंड या शिक्षकाने संगणकीय साधनांनी वर्ग चालवून दाखविला, आणि राज्यभरातील शिक्षक ती शाळा पाहण्यास येऊ लागले. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे शिक्षक श्री. रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकात क्यूआर संकेतचिन्हे घालून मुलांस दृक्-श्राव्य पाठांशी जोडले. डिसेंबर २०२० मध्ये त्यांस जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हा दहा लक्ष डॉलरांतील अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांस वाटून दिली. हीच खरी विद्यादानाची वृत्ती होय.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि या सर्व साधनांची परीक्षा झाली. राज्याच्या शैक्षणिक संशोधन परिषदेने ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ या नावाने दररोज अभ्यासमाला भ्रमणध्वनीवर पाठविली. जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. पालघर जिल्हा २०१४ पर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्याचा भाग होता. तेथील मोखाडा भागातील ज्या पाड्यांत जाळे पोहोचत नव्हते, तेथे दिगंत स्वराज फाउंडेशनने ध्वनिक्षेपक नेऊन ‘बोलकी शाळा’ भरविली. सर्वांत नवे साधन जेथे थकले, तेथे जुन्या कर्ण्याने हात दिला. त्या कर्ण्याशेजारी मुलांस गोळा करणारा कोणीतरी उभा होता, म्हणूनच ती शाळा भरली.

त्याच वर्षी आपल्या मंडळातील काही शिक्षित भगिनी व निवृत्त बंधू यांनी संध्याकाळी आंतरजालावरून गणित व इंग्रजीचे पाठ घेतले. आम्हीही त्यांत होतो. मानपाड्याच्या पुढील एका चाळीतील दहावीची एक मुलगी प्रत्येक पाठास उशिरा येई. आम्ही एकदा तिला रागे भरलो. मागाहून कळले, की घरात भ्रमणध्वनी एकच. वडील वाहनचालक, ते तो घेऊन कामावर जात व रात्री नऊस परतत. त्यानंतर आधी धाकट्या भावाचा अभ्यास आणि मग हिचा. त्या दिवशी आम्हांस आपल्या रागाची लाज वाटली. पाठाची वेळ रात्री साडेनऊ केली, तेव्हा ती मुलगी रोज येऊ लागली. आणखी एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. ती आपल्या ज्ञातीची नव्हती. तिच्या मैत्रिणीने, म्हणजे आपल्यापैकीच एका मुलीने, तिला दुवा पाठविला होता. कोणी विचारले नाही, कोणी अडविलेही नाही. कर्मवीरांनी जी पंगत मोठ्या कष्टाने बसविली, ती येथे नकळत बसली होती.

या इतिहासावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात, असे आमचे नम्र मत आहे. पहिली ही, की साधन कोणतेही असो, त्याच्या दुसऱ्या टोकाला मुलाचे नाव घेऊन विचारपूस करणारा माणूस हवा. त्याच्यावाचून यंत्र हे केवळ खेळणे ठरते. दुसरी ही, की घरात जागा नाही, शांतता नाही, स्वतंत्र भ्रमणध्वनी नाही, अशा मुलास आंतरजालाचाही उपयोग नाही. म्हणून आपल्या विद्यार्थिनिधीतून केवळ शिष्यवृत्त्या न वाटता, घोडबंदर रस्त्यावर एक अभ्यासिका काढावी : चार संगणक, अखंड जाळे, रात्री दहापर्यंत दिवा आणि रोज पाळीने येणारे दोन वडीलधारे. आमच्या भगिनींनी ‘आज्ज्यां’चे काम करावे, परगावी व परदेशी असलेल्या आपल्या तरुणांनी आंतरजालावरून आठवड्यास एक तास द्यावा.

त्या अभ्यासिकेच्या दारावर ज्ञातीचे नाव जरूर असावे, कारण तो आपल्या वाडवडिलांचा वारसा आहे. परंतु आत येणाऱ्यास त्याची जात विचारली जाऊ नये. इमारत बांधणाऱ्या मजुराचे मूल आणि येऊरच्या पाड्यावरील मूल तेथे आपल्या मुलांशेजारी बसावे. काहींस हे रुचणार नाही, हे आम्ही जाणून आहो. त्यांस एवढेच विनवितो, की शाहूमहाराजांच्या बोर्डिंगापासून कर्मवीरांच्या पंगतीपर्यंतची वाट आपल्या पूर्वजांनी वीस-पंचवीस वर्षांत चालून दाखविली. आपण त्यांच्या मागे राहू नये.

येत्या वार्षिक सभेत हा विषय विचारार्थ यावा, अशी सर्व सभासद कुटुंबांस प्रार्थना करून लेखणी खाली ठेवतो.