नारोशंकराची घंटा : एका जुन्या धातूचा माग

जुन्या बंदुकीचा माग काढणाऱ्याचे काम त्या मानाने सोपे असते. बंदुकीच्या नळीवर कारागिराचे नाव असते, कारखान्याचा शिक्का असतो, क्रमांक असतो. इंग्लंडातील बर्मिंगहॅमच्या परीक्षागृहाचे ठसे १८१३ पासून बंदुकांवर उमटू लागले आणि पुढे पलटणींच्या खुणांची भर पडली. त्या खुणा जुळवीत गेले की कोणी घडविली, कोणी वापरली, कोणी विकली याची साखळी हाती येते. तोफेच्या थोरल्या बहिणीच्या, म्हणजे चर्चच्या घंटेच्या बाबतीत मात्र एवढी सोय नाही. साल, क्रूस, क्वचित एखाद्या संताचे नाव, एवढ्यावरच तिचा पूर्वेतिहास उलगडावा लागतो.

बहीण हा शब्द मी सहज वापरलेला नाही. घंटा आणि तोफ एकाच भट्टीत जन्म घेत. तांबे आणि कथील हेच दोन्हींचे मूलद्रव्य. तोफेत कथील दहाव्या हिश्श्याच्या आसपास, तर घंटेत सुमारे पाचवा हिस्सा. कथील वाढले की धातू ठिसूळ होतो, पण नाद गोड होतो. सतराव्या शतकात मकाव येथे मानुएल तावारेस बोकारो या पोर्तुगीज ओतकाराने तोफा आणि घंटा दोन्ही ओतल्या. म्हणूनच युरोपात एखादे शहर तोफा डागून जिंकले की तेथील चर्चच्या घंटांवर विजयी तोफखान्याच्या प्रमुखाचा हक्क मानला जाई. घंटा परत हवी असेल तर गावाने खंडणी भरावी, नाहीतर ती वितळवून तिची तोफ व्हावी, असा तो रिवाज होता.

हे सारे ध्यानात ठेवून नाशिकच्या पंचवटीत गोदेकाठी उभ्या असलेल्या रामेश्वराच्या देवळाकडे पाहावे. सरदार नारोशंकर राजेबहाद्दर यांनी १७४७ मध्ये ते बांधले, म्हणून लोक त्याला नारोशंकराचे देऊळ म्हणतात. नदीकडच्या भिंतीवर, प्रवेशद्वाराच्या वर, एक भलीमोठी घंटा टांगलेली आहे. गोदावरीला पूर आला की पाणी या घंटेपर्यंत चढले की नाही, याची चर्चा नाशिकात होतेच. या घंटेवर १७२१ हे साल कोरलेले आहे, आणि तेही युरोपीय अंकांत.

हिंदू देवळाच्या घंटेवर इसवी सनाचे साल कसे? परंपरा सांगते की ही घंटा वसईची. चिमाजीअप्पांनी वसईचा किल्ला १७३९ च्या मे महिन्यात जिंकला आणि १५३४ पासून तेथे असलेली पोर्तुगीज सत्ता संपली. त्या विजयाची खूण म्हणून घंटा हत्तीवरून वाजतगाजत नाशिकला आणली गेली, असे सांगतात. हत्तीची कथा खरी असो वा नसो, साल मात्र परंपरेच्या बाजूने साक्ष देते. घंटेचा जन्म वसई पडण्याच्या अठरा वर्षे आधीचा आहे, आणि तिच्यासारख्या घंटा इतरत्रही आहेत. भीमाशंकरच्या घंटेवर क्रूस असून साल १७२९ आहे. वाईजवळच्या मेणवलीत नाना फडणवीसांच्या वाड्यालगत जी घंटा आहे तिच्यावर पवित्र मरिया व बाळ येशू यांची आकृती असून साल १७०७ आहे. पालीच्या बल्लाळेश्वराच्या देवळातली घंटाही वसईचीच मानतात. यांपैकी ज्या घंटांवर साल आहे, त्यांतले एकही १७३९ च्या पुढचे नाही.

मेणवलीच्या घंटेवरून आणखी एक गोष्ट कळते. नाना फडणवीसांचा जन्म १७४२ चा, म्हणजे वसई पडल्यानंतरचा. तेव्हा ती घंटा त्यांच्या हाती येण्यापूर्वी कित्येक वर्षे दुसऱ्या कोणाच्या तरी ताब्यात असली पाहिजे. नाशिकच्या घंटेच्या बाबतीतही १७३९ ते १७४७ ही आठ वर्षे मधली आहेत. विजयी सेनेने हा किमती धातू जपून ठेवला, भट्टीत टाकला नाही. तोफांची गरज नसलेले राज्य त्या काळी कोणते होते? तरीही या घंटा देवाच्या दारीच पोहोचल्या. माझ्या मते ही गोष्ट लहान नाही.

पण आपल्या दृष्टीने तिच्या आधीच्या मालकांचा विचार अधिक जिव्हाळ्याचा आहे. १७२१ हे साल वसईकरांच्या दृष्टीने सुखाचे नव्हते. त्याच वर्षाच्या अखेरीस पोर्तुगीज व इंग्रज मिळून कान्होजी आंग्र्यांच्या कुलाब्यावर चालून गेले होते. बाजीराव आंग्र्यांच्या मदतीस धावले आणि १७२२ च्या जानेवारीत पोर्तुगिजांना तह करावा लागला. अशा धामधुमीत ही घंटा ओतली गेली. मातीच्या साच्यावर मेणाची अक्षरे चिकटवून, वरून दुसरा साचा घालून, मेण वितळल्यावर तप्त धातू ओतायचा. शेवटी साचा फोडावाच लागे, म्हणून प्रत्येक घंटा एकमेव.

त्यानंतर तिच्यावर संस्कार झाले असतील. चर्चच्या जुन्या विधीनुसार महागुरुस्वामी घंटेला पवित्र पाण्याने धूत, पवित्र तेलाने अभ्यंग करीत आणि तिला एखाद्या संताचे नाव देत. लोक या विधीला घंटेचा स्नानसंस्कारच म्हणत. वसईच्या कोटात संत जोसेफचे मुख्य चर्च होते, फ्रान्सिस्कनांचे, येशूसंघीयांचे, डोमिनिकनांचे व ऑगस्टिनियनांचे मठ होते. त्यांपैकी कोणत्या मनोऱ्यातून हिने आंजेलुसची वेळ सांगितली, याचा निर्वाळा तिच्यावरचा लेखच देऊ शकेल. एक गोष्ट मात्र निश्चित. त्या नादाने जागे होणारे सगळे पोर्तुगीज नव्हते. संत गोन्सालो गार्सिया याच मातीतले, आणि कोटाभोवतीच्या वाड्यांतील शेतकरी, कोळी ख्रिस्ती पोर्तुगीज निघून गेल्यावरही तेथेच राहिले. मनोरे ओस पडले, लोक उरले. घंटेचा खरा वारसा कोणाचा असेल तर तो या मागे राहिलेल्यांचा.

म्हणून काही जण घंटा परत मागावी असे म्हणतात. मला ते पटत नाही. वसईत ती वाजली फार तर अठरा वर्षे, नाशिकमध्ये पावणेतीनशे वर्षांहून अधिक. नाशिककरांच्या आठवणीत ती आता मुरली आहे, आणि वसईच्या कोटातील चर्चेस पडकी आहेत, तेथे ती टांगायची कोठे? मागायचीच असेल तर तिच्यावरील लेखाची नीट नक्कल मागावी. देवळाच्या व्यवस्थापनाची रीतसर परवानगी घेऊन पातळ कागद व पेन्सिलीने अक्षरांचा ठसा घेता येतो, धातूला इजा होत नाही. क्रूसाची घडण, अक्षरांचे वळण, कडेची नक्षी यांची छायाचित्रे भीमाशंकर आणि मेणवली येथील घंटांशी ताडून पाहिली तर एकच ओतकार की निरनिराळे, हे ठरविता येईल. संताचे नाव वाचता आले तर चर्चही ओळखता येईल, आणि मग पणजीच्या पुराभिलेखागारातील जुन्या दप्तरांत कोठे शोधावे हेही कळेल.

दर फेब्रुवारीत बाळ येशूच्या यात्रेसाठी वसईहून हजारो भाविक नाशिकरोडला येतात. तेथून पंचवटी काही मैलांवर आहे. परतीच्या गाडीला अवकाश असेल तर घाटावर जाऊन मान वर करून ते साल वाचावे.