तीस प्राणांची गुप्त कळ

परंडा तालुक्यातील सोनारी हे भैरवनाथाचे गाव. तेथे माझे आजोळ. 1994 च्या यात्रेत पाळणे आणि गुडीशेवेची दुकाने यांच्या रांगेतच एका राहुटीत टीव्ही मांडून व्हिडिओ गेम भाड्याने खेळायला देत. ‘काँट्रा’ हा त्यातला आम्हा मुलांचा लाडका खेळ. दोन शिपाई, समोर शत्रू, आणि प्रत्येकास प्राण अवघे तीन. ते दोन मिनिटांत संपत आणि रुपया जाई.

मामांच्या शेजारचा एक थोरला मुलगा मात्र तीस प्राण घेऊन खेळे. पावशेर गुडीशेव घेऊन त्याने मला ती कळ सांगितली: वर, वर, खाली, खाली, डावे, उजवे, डावे, उजवे, बी, ए, सिलेक्ट, स्टार्ट. मी एकट्याने करून पाहिली. तीस प्राण मिळाले खरे, पण पडद्यावर दुसराही शिपाई येऊन नुसताच उभा राहिला. त्याने सिलेक्ट मुद्दाम घुसडले, मला फसवले, असे मी चारचौघांत बोललो. त्यानंतर बरीच वर्षे आमचे बोलणे नव्हते.

ही कळ आली कोठून? जपानमधील कोनामी कंपनीत काझुहिसा हाशिमोतो नावाचे गृहस्थ खेळांचे प्रोग्रॅम लिहीत. 2020 साली ते वारले. 1986 साली ‘ग्रेडियस’ हा खेळ घरगुती यंत्रासाठी तयार करताना तो तपासून पाहणे त्यांना भाग होते, आणि खेळ तर त्यांना स्वतःलाच जिंकता येईना! म्हणून स्वतःच्या सोयीसाठी त्यांनी ही चोरवाट ठेवली, असे त्यांनी पुढे सांगितले. खेळ बाजारात गेला तरी ती आतच राहिली. 1988 च्या घरगुती ‘काँट्रा’त त्याच कंपनीने तीच बटणे पुन्हा योजली.

आता, तोंडातोंडी पसरलेल्या गोष्टीला शेपटे फुटतात. खरा पाठ पाहावयाचा तर जुनी पोथीच उघडली पाहिजे. शके 1506 मध्ये एकनाथमहाराजांनी ज्ञानेश्वरीचे पाठ शुद्ध केले, हे आपण जाणतोच. कॅसेटची पोथी म्हणजे तिच्या चिपमध्ये साठवलेले नुसते आकडे. हौशी संशोधकांनी ते संगणकात उतरवून घेतले, कोणत्या आकड्याचा हुकूम कोणता ते शेजारी लिहिले, आणि उलट दिशेने वाचत गेले. प्राण कोठे ठरतात? ते तीस केव्हा होतात? त्याआधी यंत्र काय तपासते? अखेर दहा आकड्यांची एक ओळ हाती लागली: 8, 8, 4, 4, 2, 1, 2, 1, 64, 128.

बघा, हे आकडे आपल्या जुन्या मापांसारखे आहेत. पायलीच्या निम्मी अधोली, अधोलीच्या निम्मा शेर. तसे येथे वर म्हणजे 8, खाली 4, डावे 2, उजवे 1. बेरीज पाहिली की कोणकोणती बटणे दाबली ते यंत्राला कळते. बी म्हणजे 64 आणि ए म्हणजे 128. मधले 16 आणि 32 हे स्टार्ट आणि सिलेक्ट यांचे, आणि ओळीत 16 नाही, 32 ही नाही! स्टार्टने खेळ सुरू होतो. सिलेक्टने एकटा खेळणार की दोघे, एवढेच ठरते. कळीशी दोहोंचाही संबंध नाही.

म्हणजे माझेच म्हणणे खरे ठरले, असे वाटून ती ओळ मी कागदावर उतरवून घेतली आणि मागच्या यात्रेला त्याच्या दुकानात गेलो. त्याने ती दोनदा वाचली. म्हणाला, “ते समदं खरं असंल, सर. पण आम्ही दोघं भाऊ खेळायचो की. सिलेक्ट दाबल्याबिगर धाकट्याला शिपाई कुठला मिळायचा?”