घड्याळ बरोबर होतं, तरीही...

मागच्या महिन्यात एका क्लायंटच्या गोदामात नवीन स्विच बसवला. नियम साधाच. डिस्पॅचच्या मशीन्सना बिलिंग सर्व्हर फक्त सोमवार ते शुक्रवार, ९ ते ६ या वेळात दिसावा. सोमवारी सकाळी सव्वानऊला फोन, "साहेब, एकही बिल निघत नाहीये. गाड्या गेटवर उभ्यात!"

लॉगिन केलं. नियम बरोबर. घड्याळही सेकंदापर्यंत बरोबर. फक्त ते यूटीसी दाखवत होतं! म्हणजे स्विचचे सकाळचे नऊ हे आपले दुपारचे अडीच. 'क्लॉक टाइमझोन आयएसटी ५ ३०' एवढी एक ओळ टाकली आणि गाड्या सुटल्या. पण डोक्यातून विषय काही सुटेना. वीकेंड या भानगडीचा इतिहास वाचण्यात गेला.

कुणाला काय करायची परवानगी आहे याची यादी, म्हणजे ॲक्सेस कंट्रोल लिस्ट, ही कल्पना मुळात नेटवर्कची नाहीच. १९६५ मध्ये डेली आणि न्यूमन यांनी मल्टिक्सच्या फाइल सिस्टमवर पेपर लिहिला, त्यात प्रत्येक फाइलला अशी यादी होती. एकाच मशीनवर अनेक लोक, मग कुलपं हवीतच.

नेटवर्कवर मात्र बराच काळ सगळा विश्वासाचा मामला होता. २ नोव्हेंबर १९८८ ला मॉरिस वर्म सुटला आणि कित्येक ठिकाणी लोकांनी सरळ नेटवर्कच तोडून टाकलं. दार एक तर सताड उघडं, नाहीतर बंद. मधलं काही नाही! १९८९ मध्ये डेक कंपनीच्या जेफ्री मोगलने 'स्क्रीनडी' मांडला. गेटवेवर येणारं प्रत्येक पॅकेट नियमांशी ताडून बघायचं, मग सोडायचं किंवा टाकून द्यायचं.

पण नियम लिहिणं सोपं नव्हतं. १९९२ मध्ये ब्रेंट चॅपमनने दाखवून दिलं की सगळा खेळ क्रमाचा आहे. काही राउटर तर नियम स्वतःच पुढेमागे करत आणि अर्थच बदलून जाई. आज आपण सिस्कोची यादी वरून खाली वाचतो. पहिला जुळलेला नियम लागू, आणि शेवटी न लिहिलेला 'बाकी सगळ्यांना नाही'.

वेळेची अट आली नव्वदच्या दशकाच्या शेवटी, आयओएस १२.०(१)टी मध्ये. आता यादी घड्याळावर विसंबली. आणि घड्याळ विसंबलं एनटीपीवर. डेव्हिड मिल्सने १९८५ मध्ये आरएफसी ९५८ मध्ये मांडलेला हा प्रोटोकॉल सगळ्या जगाला एकच वेळ सांगतो, यूटीसी. पुणं कुठे, पॅरिस कुठे, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. तसं असणंच योग्य आहे म्हणा.

म्हणजे बघा, यादीवाले बरोबर, घड्याळवाले बरोबर. मधले साडेपाच तास जोडायचं काम तेवढं माझं होतं, आणि तेच राहिलं. चूक कुठल्याच भागात नव्हती, सांध्यात होती. गोदामातल्या माणसाला यातलं काय कळणार? त्याला फक्त ड्रायव्हरांच्या शिव्या ऐकाव्या लागल्या.

हल्ली नियम टाकला की 'शो टाइम-रेंज' देऊन तो ॲक्टिव्ह दिसतोय का ते बघतो. शिवाय तिथल्या माणसाला फोन करून विचारतो, "तुमच्या भिंतीवरच्या घड्याळात किती वाजले?"

हसतात बिचारे. हसू देत.