छोट्या कॉइलचं कूळ

खांदा कॉलनीत कानातलं हरवलं की ते फार खोल जात नाही. सोसायटीच्या बागेत, पेव्हर ब्लॉकच्या फटीत किंवा खांदेश्वर स्टेशनकडे जाणाऱ्या वाटेच्या कडेला ते दोन-तीन इंचांवरच पडलेलं असतं. तरी सापडत नाही, कारण शेजार वाईट. सिडकोच्या या वसाहतीत प्रत्येक इमारतीनं आपल्या पायाशी बायंडिंग वायरचे तुकडे, वाकलेले खिळे, सळईची टोकं टाकून ठेवली. त्यावर बाटल्यांची बुचं पडली, दरवर्षीच्या दिवाळीत फुलबाज्यांच्या तारांची भर पडली. शिवाय भरावासाठी वापरतात तो मुरूम म्हणजे झिजलेला बेसाल्ट. बेसाल्टात मॅग्नेटाइट हे लोहखनिज असतं, त्यामुळे धातू नसलेल्या जागीही धातुशोधक यंत्र कुरकुरतं.

म्हणूनच हे यंत्र घेताना "किती खोल जातं?" असं विचारणाऱ्याची मला काळजी वाटते. खोलीच्या हौसेनं माणूस अकरा इंची कॉइल, म्हणजे यंत्राच्या टोकाचं तारेचं वेटोळं, घेतो. पाच इंचीच्या मानानं ती जवळजवळ पाचपट जमीन व्यापते. तिच्याखाली एका वेळी खिळा, बूच, तार आणि आपली कुडी असं सगळंच येतं, आणि यंत्र आपल्याला ऐकवतं ती या सगळ्यांची बेरीज. लोखंडाच्या आवाजात सोनं बुडून जातं.

या कॉइलचं घराणं जुनं आहे. 1879 साली लंडनमध्ये डेव्हिड ह्यूज यांनी 'इंडक्शन बॅलन्स' नावाचं उपकरण मांडलं. तारेची वेटोळी अशी जुळवायची की एकीकडचा परिणाम दुसरीकडच्या परिणामानं पुसला जावा. मग टेलिफोनमध्ये शांतता. एका बाजूला धातूचा तुकडा ठेवला की तोल मोडतो आणि आवाज उमटतो. दोन बाजूंना दोन नाणी ठेवून खरं-खोटं ताडता येई, इतका हा तोल नाजूक होता.

दोनच वर्षांनी त्याच्यावर फार मोठी जबाबदारी आली. 2 जुलै 1881 रोजी वॉशिंग्टनच्या रेल्वे स्टेशनवर अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. एक गोळी शरीरातच राहिली. क्ष-किरणांचा शोध लागायला अजून 14 वर्षं होती. टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल हे उपकरण सुधारून अध्यक्षांच्या बिछान्यापाशी गेले. 26 जुलैचा प्रयत्न फसला. 1 ऑगस्टला पुन्हा पाहिलं, तर एका मोठ्या भागावर अंधुक आवाज येत राहिला. दुसऱ्या दिवशी कळलं की घोड्याच्या केसांच्या गादीखाली पोलादी तारांची आणखी एक गादी आहे. बेलना ताबडतोब शंका आली. त्यातच उपचार करणाऱ्या डॉक्टर ब्लिस यांचा होरा होता की गोळी उजवीकडे आहे, त्यामुळे शोधही उजवीकडेच चालला. 19 सप्टेंबरला गारफिल्ड गेले. शवविच्छेदनात गोळी डाव्या बाजूला मिळाली.

ही हकिकत मला अजूनही चटका लावते. नको त्या जागी शोध आणि आसपास नको तितका धातू, या दोन अडचणी धातुशोधकाच्या जन्मापासूनच्या आहेत. कॉइलची निवड आजही त्यांच्याशीच झगडते.

1930च्या दशकात कॅलिफोर्नियात गेरहार्ड फिशर यांनी हातात धरून चालवायचं यंत्र बाजारात आणलं. त्यांना 1937 मध्ये पेटंट मिळालं. पण या यंत्राला खरी निकड दिली दुसऱ्या महायुद्धानं, आणि ती किती होती हे सांगायला आपल्या खडकीचीच साक्ष पुरेशी आहे. 1941च्या सुरुवातीला खडकीच्या रॉयल बॉम्बे सॅपर्सच्या तुकडीतले तरुण अधिकारी प्रेमिंद्रसिंग भगत यांनी अ‍ॅबिसिनियाच्या आघाडीवर चार दिवसांत 55 मैलांच्या वाटेवरचे 15 सुरुंगपट्टे मोकळे केले. त्यांची गाडी दोनदा सुरुंगानं उडाली, कानाचा पडदा फाटला, तरी ते थांबले नाहीत. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याच वर्षी स्कॉटलंडमध्ये पोलिश अधिकारी युझेफ कोसात्स्की काठीच्या टोकाला कॉइल बसवलेला सुरुंगशोधक घडवत होते. 1942च्या अल अलामीनच्या लढाईत असे सुमारे 500 संच वापरले गेले आणि सुरुंग काढण्याचा वेग दुपटीनं वाढला. भगतांच्या हाती हे यंत्र पडलं असतं तर, असं मनात आल्याशिवाय राहत नाही.

युद्ध संपल्यावर लष्कराकडून उरलेले संच हौशी लोकांच्या हाती गेले. सुरुंग थाळीएवढा, नाणं बोटाच्या पेरापेक्षा फार मोठं नाही. तेव्हा कॉइलही लहान हवी झाली. यामागचं गणित मात्र कोणालाच चुकलेलं नाही. कॉइलचं चुंबकीय क्षेत्र दूर जाताना अंतराच्या घनानं घटतं. नाण्याकडून परत येणारी चाहूलही तशीच घटते. म्हणजे लांबच्या वस्तूचं अंतर दुप्पट झालं की संकेत 64 पट क्षीण! म्हणून खोल पुरलेल्या मोठ्या वस्तूसाठी मोठी कॉइल लागते. पण वस्तू बारीक आणि वरवर असेल तर लहान कॉइलचं क्षेत्र जवळच्या जवळ एकवटतं, मुरमाची कुरकुर कमी येते आणि दोन शेजारी वस्तू वेगवेगळ्या ऐकू येतात. किंमत मोजावी लागते ती वेळेची. पट्टा अरुंद, त्यामुळे प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर निम्मी चढवत सावकाश जावं लागतं.

फेरी सुरू करण्याआधी रिकाम्या जागेवर कॉइल चार-पाच वेळा जमिनीजवळ नेऊन वर उचलायची आणि कुरकुर थांबेपर्यंत यंत्राचा जमिनीशी मेळ घालायचा. बरेच जण ही पायरी गाळतात आणि मग यंत्राला नावं ठेवतात.

या घराण्यातली एक धाकटी पाती आपल्या भिंतींवरही फिरते. जुन्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट करताना प्लास्टरवरून जे कव्हर मीटर सरकवतात, त्यातही कॉइलच असते. आतली सळई कुठून जाते आणि तिच्यावर काँक्रीटचा थर किती, हे ते सांगतं. सळया दाटीवाटीनं बसवलेल्या असतील तर तिथेही अरुंद तोंडाचा प्रोब जोडतात. कारण तेच, बागेतल्या खिळ्यांचं.

तेव्हा वसाहतीत, अंगणात, बागेत शोधायचं असेल तर पाच-सहा इंची कॉइलच घ्या, आणि मोठी घ्यायचीच झाली तर नंतर घ्या. संरक्षित स्मारकाच्या आवारात मात्र कुठलंही यंत्र नेऊ नका. आणि कधी जुनं पुरलेलं धन लागलंच, तर 1878 चा गुप्तधनाचा कायदा आजही लागू आहे: दहा रुपयांहून अधिक किमतीचं धन सापडलं की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. खांदा कॉलनीकरांसाठी ते कार्यालय अलिबागला आहे.